तोंड न लावणाऱ्या दुकानातला दांडा

मी दांडा बोलतोय. दांडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हवालदार किंवा शाळेतले मास्तर उभे राहिले असतील, तर तो तुमच्या लहानपणाचा दोष आहे, माझा नाही. मी मारायचा दांडा नव्हे. बँडच्या वाद्यांचे पोचे काढायचा दांडा. साडेतीन फूट लांब, अंगठ्याएवढा जाड, अस्सल पोलादाचा, टोकाशी जरासा वाकलेला. त्या टोकाला आटे आहेत आणि आट्यांवर पोलादी गोळे बसतात, बोराएवढ्यापासून संत्र्याएवढ्यापर्यंत अकरा. म्हणजे मला अकरा डोकी आहेत आणि ज्या कामाला जे लागेल ते मी घालतो. तुम्हाला एकच मिळालंय आणि वरातीत नाचायला निघताना बहुतेक जण तेही घरी ठेवून येतात.

माझं काम तसं सोपं. टेबलाला बसवलेल्या व्हाइसमध्ये मला आडवं आवळायचं. ट्रंपेटचा भोंगा माझ्यावर चढवायचा, पोचा बरोबर माझ्या डोक्यावर आणायचा आणि वरून हलक्या हातानं घासत, टकटक करत पत्रा पुन्हा गोल करायचा. बाहेरून ठोकलं तर पोचा जात नाही, शेजारी आणखी दोन तयार होतात. पोचा काढायचा तर आत शिरावं लागतं. मी आयुष्यभर लोकांच्या आत शिरत आलोय, त्यामुळे बाहेरच्या चकाकीचं मला फारसं कौतुक राहिलेलं नाही.

माझा जन्म १९८४ सालचा, अंबरनाथच्या एका कारखान्यातला. आनंदा नावाचा कामगार तिथे लेथवर होता. त्याच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला आलेल्या बँडचं युफोनियम, म्हणजे पोटाशी धरून वाजवायचं ते मोठं पितळी वाद्य, टेम्पोच्या फाळक्यात सापडून चेपलं. सगळे हळहळत उभे राहिले. हळहळणं फुकट असतं, त्यामुळे त्याला माणसं भरपूर मिळतात. आनंदानं घरातलं लाटणं आणलं, आत घातलं आणि तासाभरात ते युफोनियम वाजण्याजोगं केलं. लाटण्याचे मात्र दोन तुकडे झाले.

त्याची आई पुतळाबाई. तिनं त्या दिवशी चपात्यांच्या जागी भाकऱ्या थापल्या आणि प्रत्येक भाकरीबरोबर त्याला ऐकवलं, "हत्यार पायजेल तर हत्यार बनव. माझ्या सैपाकातली वस्तू परत न्यायची नाय."

म्हणून मी. एका मोडक्या शाफ्टचा तुकडा जेवणाच्या सुट्टीत लेथवर चढवून आनंदानं मला घडवलं. बारा सुट्ट्या लागल्या. शेवटच्या दिवशी त्याचे साहेब विष्णुपंत मागे येऊन उभे राहिले.

"हे काय रे?"

"बँडच्या वाद्यांचं हत्यार आहे, साहेब."

विष्णुपंतांना स्वतःला क्लॅरिनेट वाजवायचा छंद. अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी वाजवत. शेजारी त्याला रियाज म्हणत, कारण शेजारी सभ्य होते. त्यांनी मला हातात घेऊन फिरवून बघितलं, मान डोलावली आणि गेटपास लिहून दिला: 'भंगार, एक नग'. चांगुलपणाच तो, नाहीतर मी गेटच्या बाहेर पडलोच नसतो. पण ज्याच्या जन्माच्या कागदावरच 'भंगार' लिहिलंय, त्याची जीभ जशी व्हायची तशी माझी झाली आहे.

दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. माणसं दारात घोषणा देत बसली, मग नुसती बसली, मग उठून गेली. आनंदानं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एक गाळा धरला. एका बाजूला बटणं आणि चेनी विकणारा, दुसऱ्या बाजूला लधारामची सोडा-शरबताची गाडी, मध्ये आम्ही. या भागात कुठल्याही वस्तूवर कुठलाही शिक्का मारून मिळत असे, पण आनंदा जुनीच वस्तू जुन्याच नावानं दुरुस्त करून द्यायचा. लधारामला याचं फार आश्चर्य वाटे. "साईं, तुम इधर धंदा करने आया है कि तपस्या?" असं तो अधूनमधून विचारायचा.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी आनंदाच्या वडिलांनी, सदूनं, त्याला समोर बसवलं होतं. आनंदा त्यांना आबा म्हणतो. तरुणपणी सदू कल्याणच्या एका बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. वाजवायला मांडवाच्या पुढे आणि जेवायला मांडवाच्या मागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी, वरून वाढलेलं. वाढणाऱ्याचा हात लागू नये म्हणून इतक्या वरून, की आमटी अर्धी पानात आणि अर्धी मांडीवर. छप्पन साली दीक्षा घेऊन सदू परतला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कॉर्नेट मालकाच्या हातात नेऊन दिलं. दुसऱ्याच्या दारात पुन्हा वाजवायचं नाही, असं ठरवलं आणि पाळलं.

"दुरुस्ती कर," तो आनंदाला म्हणाला. "हत्यार हातात धरनं ही कामगारी हाय. पन ओठ लावायचे नाय. आज तपासायला फुकशील, उद्या वरातीला मानूस कमी पडला म्हनून कोनीतरी वढून न्येईल. दुसऱ्याच्या दारात वाजवनं आपन सोडलंय."

आनंदानं शब्द दिला. आता वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं वाद्याला ओठच लावायचे नाहीत, म्हणजे आंधळ्यानं चष्मे विकण्यातला प्रकार. पण आनंदा डोक्याचा माणूस, एकाच डोक्याचा असूनही. त्यानं सायकलचा पंप आणला. वाद्याचं एक तोंड बुचानं बंद करायचं, दुसऱ्यातून पंपानं हवा भरायची आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवायचं. बुडबुडे येतील तिथे गळती, तिथे डाख द्यायचा. क्लॅरिनेटच्या आत तो बारीक बल्ब सोडायचा आणि कळांच्या पॅडखालून कुठे उजेड झिरपतो ते बघायचा. शेवटी वाजवून बघायचं काम गिऱ्हाईकाचं.

सदू रोज सकाळी डबा घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत दुकानातल्या स्टुलावर बसायचा. बोलायचा नाही. पण गिऱ्हाईकानं ट्रंपेट वाजवून बघायला घेतलं की त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर हलायला लागायची. पहिलं, दुसरं, तिसरं, मग पहिलं आणि तिसरं एकदम. ट्रंपेटला बोटांनी दाबायचे तीनच पिस्टन असतात. लक्षात आलं की तो मूठ आवळून घ्यायचा. हे मी एकट्यानंच पाहिलं होतं, कारण व्हाइसमधून मला त्याचा गुडघाच समोर दिसायचा.

पोच्यांबद्दल चार गोष्टी सांगतो. पोचा घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो. "आपोआप पडला." "ठेवल्या जागी झाला." "उंदरानं पाडला." जाड पितळेला पोचा पाडणारा उंदीर उल्हासनगरात असेल तर त्याला आधी कारखान्यात नोकरी द्यायला पाहिजे होती. मी आत गेलो की मला खरं कळतं. एकाच बाजूला गोल खोल खड्डा म्हणजे ढोलवाल्याच्या डोक्यात मारलंय. दोन्हीकडून सारखं चपटं म्हणजे टेम्पोत कोणीतरी वर बसलंय. कडेला बारीक बारीक दातऱ्या म्हणजे नवऱ्याच्या मित्रानं नागिणीसारखं नाचता नाचता भोंगा दातात धरलाय. हा शेवटचा प्रकार मे महिन्यात जास्त येतो.

आनंदाचा नियम होता, पोचा कसा पडला हे विचारायचं नाही. "विचारलं तर खोटं सांगतील, मग आपल्याला ते खरं मानल्यासारखं करावं लागेल. त्यात वेळ जातो," असं तो म्हणायचा.

हा दुरुस्तीवाला वाद्याला तोंड लावत नाही, ही गोष्ट हळूहळू पसरली. आणि गंमत बघा, लोकांना ती आवडली. फार आवडली. का लावत नाही हे कोणी विचारलं नाही, प्रत्येकानं आपल्या सोयीचं कारण शोधलं. सगळ्यात जास्त आवडली विष्णुपंतांना. कारखाना बंद झाल्यावर ते घरीच असत आणि वर्षातून तीनदा क्लॅरिनेट घेऊन येत.

"स्वच्छता!" ते म्हणायचे. "आनंदा, तुझं हे मला फार पटतं. बाकीचे लोक वाटेल त्याला तोंड लावतात."

आनंदा चहा मागवायचा. विष्णुपंत हात वर करायचे. "नको रे, आत्ताच घेऊन निघालो." दर वेळी आत्ताच. अंबरनाथहून निघून, स्टेशनवर थांबून, रिक्षानं कॅम्प दोनला पोचलेल्या माणसाचा चहा 'आत्ताच' कसा झालेला असतो, हे मला कधी उलगडलं नाही. आनंदाला उलगडलं होतं की नाही कोण जाणे. तो दुसरा कप लधारामला द्यायचा. ज्या माणसानं आपल्या हत्याराला गेटबाहेर सोडलं, त्याच्याबद्दल त्याला वाईट विचार करायचा नव्हता.

आता हेमचंद्र मास्टर. कॅम्प एकचा 'न्यू रॉयल हेमचंद्र ब्रास बँड' त्याचा. त्यातलं न्यू अकरा वर्षांचं जुनं होतं, आणि रॉयल म्हणजे खांद्यावरच्या सोनेरी झालरी, ज्यांतली डावी नेहमी टाचणीनं लावलेली असायची. मास्टर ट्रंपेट बरं वाजवायचा, हे मला मान्य करावं लागेल. पण त्याचं खरं प्रेम स्वतःच्या केसांवर. कपाळावर एक झुलूप, ते तेलानं असं बसवलेलं की वाऱ्याचीही त्याला हात लावायची टाप नव्हती.

१९९१ च्या दिवाळीनंतर त्यानं तीन ट्रंपेटं आणि एक युफोनियम दुरुस्तीला आणलं. मी आठ दिवस त्यांच्या पोटातच राहिलो होतो. काम झाल्यावर आनंदानं त्याला एक बाटली दिली. शिलाई मशीनचं पातळ तेल, त्यात थोडं रॉकेल.

"मास्टर, रोज पिस्टनला तीन थेंब. हेच तेल. दुसरं काही घालू नका."

मास्टरनं बाटलीचा वास घेतला आणि तोंड वेंगाडलं. "हे लावून मी स्टेजवर उभा राहू? लोकांना वाटेल स्टोव्ह पेटवायला आलोय."

बाटली घरी गेली आणि माळ्यावर पडली. मास्टर रोज सकाळी खोबरेल तेल हातावर घ्यायचा. आधी झुलूप, मग कल्ले, आणि तळहातावर उरलेलं चारही वाद्यांच्या पिस्टनला. एकाच हातात दोन्ही कामं. पिस्टनही खूश, कारण कॅम्प एकच्या उकाड्यात खोबरेल पाण्यासारखं वाहतं. असे दोन महिने गेले.

मग जानेवारीत बदलापूरचं लग्न आलं. मुहूर्त सकाळचा लवकरचा, नवरदेवाला पहाटे वाजतगाजत आणायचं. बँड आदल्या दिवशीच पोचला, वाद्यं रात्रभर उघड्या मैदानात टेम्पोत राहिली. बदलापूरची जानेवारीतली पहाट तुम्हाला माहीत असेल. माणसं कानटोपी घालून दात घासतात. आणि खोबरेल तेलाची बाटली त्या दिवसांत उन्हात ठेवल्याशिवाय थेंब देत नाही, हे बदलापूरच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. पिस्टनमधलंही तेच तेल, तेही आपल्या धर्माला जागलं.

मास्टरनं ट्रंपेट उचललं, छाती फुगवली, बोट दाबलं. बोट खाली जाईना. दुसरं दाबलं, ते अर्ध्यात जाऊन तिथेच बसलं. बाकीच्यांचंही तेच. बिनपिस्टनच्या ट्रंपेटातून चार-पाच सूर निघतात, ते बिगुलाचे. ढोलवाले जोरात होते, थांबायची सोय नव्हती. म्हणून नवरदेव घोड्यावर आणि पुढे तीन ट्रंपेटं पोलीस परेडसारखी वाजतायत, अशी ती वरात बदलापूरच्या मैदानातून निघाली. मुलीकडचे एक फौजदार झोपेतून उठून अंगावर शर्ट चढवून धावत आले म्हणे. नवरी हसली, नवरा रडवेला झाला आणि वरबापानं सगळ्यांदेखत मास्टरला जे सुनावलं ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मास्टर आमच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. मागे चार वाजवणारे, हातात चारही वाद्यं. सदू स्टुलावर होता. विष्णुपंतही नेमके तिथेच होते, क्लॅरिनेटचे पॅड बदलून घ्यायला आलेले. मी व्हाइसमध्ये आवळलेला.

"आनंदा! माझी इज्जत काढलीस तू!" मास्टर ओरडला. "पोचे काढताना नळ्या वाकवल्यास साल्या! सगळे पिस्टन जाम!"

आनंदानं ट्रंपेट घेतलं, तिन्ही पिस्टन दाबले. लोण्यासारखे चालले.

"चालणारच ना!" मास्टर आणखी ओरडला. "तुझ्या दुकानात चालतात आणि लग्नात अडकतात! हीच तर तुझी रिपेरिंग!"

आनंदानं एक पिस्टन फिरवून बाहेर काढला आणि नाकाशी नेला. मग मास्टरच्या केसांकडे बघितलं. "मास्टर, हे माझं तेल नाही. हे डोक्याचं आहे."

"मग? खोबरेल आहे, शुद्ध! देवाच्या दिव्याला चालतं, पिस्टनला नाही चालत?"

"थंडीत गोठतं."

"कुठाय थंडी? मला दाखव!" मास्टरनं दोन्ही हात पसरले. गर्दी जमली होती, आणि जानेवारी असूनही सगळ्यांना घाम होता.

"साईं, थंडी चाहिए?" शेजारून लधाराम बोलला. "मैं देता हूं ना. कितना किलो?"

त्यानं गोणपाटात बर्फाचे तुकडे भरून आणले. आनंदानं ट्रंपेट त्यात गुंडाळून ठेवलं. दहा मिनिटांनी बाहेर काढलं आणि मास्टरच्या हातात दिलं. मास्टरनं पिस्टन दाबला. तो अर्ध्यात जाऊन बसला, बदलापूरसारखाच. गर्दी खदखदली. मग आनंदानं तिन्ही पिस्टन रॉकेलनं धुतले, आपलं तेल तीन-तीन थेंब घातलं आणि पुन्हा दहा मिनिटं बर्फात ठेवलं. या वेळी पिस्टन सुळकन खाली गेले आणि सुळकन वर आले.

इथे खरं तर प्रकरण संपायला पाहिजे होतं. पण माणूस चुकला असं सगळ्यांदेखत ठरलं की तो त्याहून मोठी चूक शोधायला निघतो.

"बोटं चालणं वेगळं, वाजणं वेगळं," मास्टर म्हणाला. "नळी वाकडी असली तर सूर फाटतो. आता थंडगार असताना वाजवून दाखव. तूच दाखव. माझा माणूस फुंकणार नाही." त्याचे चारही वाजवणारे आपापल्या चपला बघायला लागले. "नाही वाजवलंस ना, तर कॅम्प एकपासून बदलापूरपर्यंत एक बँड तुझ्याकडे वाद्य देणार नाही. मी सांगतोय! वाद्याला ओठ न लावणारा रिपेरवाला! भाजी न चाखणारा आचारी!"

मास्टरला आनंदाचा शब्द ठाऊक होता का? नव्हता. त्यालाही ते आपलं स्वच्छतेचंच वाटायचं. पण घाव नेमका बसला. बँडवाले मास्टरचं ऐकायचे. लग्नसराई तोंडावर होती. ती गेली असती तर गाळा गेला असता, आणि कारखान्याच्या दारात बसून उठून गेलेल्या माणसांत आनंदाही पुन्हा जाऊन मिळाला असता.

आनंदानं ट्रंपेट हातात घेतलं. त्याची बोटं थंडीनं लाल झाली होती. माऊथपीस ओठापासून वीतभर. ओठ लावला तर बापाला दिलेला शब्द जातो, आणि लावूनही उपयोग नाही, कारण आनंदा जन्मात कधी फुंकायला शिकलेलाच नाही. त्यानं स्टुलाकडे बघितलं.

स्टूल रिकामं होतं. सदू उठून उभा राहिला होता.

"दे इकडं," तो म्हणाला.

"आबा, तुम्ही?"

"दे म्हनतो ना."

"आबा, तुम्हीच सांगितलं होतं, वाजवायचं नाही म्हणून."

"दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाय, असं म्हनलो व्हतो. हे कोनाचं दार हाय?"

आनंदानं गाळ्याच्या उंबऱ्याकडे बघितलं.

"कोनाचं हाय रं?"

"आपलं."

"मंग दे."

सदूनं ट्रंपेट धरलं. पहिल्या फुंकरीला नुसती हवा निघाली. गर्दीत कोणीतरी हसलं. दुसऱ्या फुंकरीला रेडकू ओरडावं तसा आवाज आला आणि हसणारे वाढले. सदूनं ट्रंपेट खाली घेतलं, लधारामकडे हात केला. लधारामनं सोड्याची बाटली फोडून दिली. सदूनं एक घोट घेतला, ओठ ओले केले, आणि तिसऱ्यांदा फुंकलं.

आधी एक सूर आला, लांब, थोडा थरथरता. मग ती तीन बोटं हलली. पहिलं, दुसरं, तिसरं, मग पहिलं आणि तिसरं एकदम. पस्तीस वर्षं गुडघ्यावर वाजवलेलं त्या दिवशी पितळेवर वाजलं. नवरदेव मांडवात शिरताना वाजवायची जुनी चाल होती ती. मध्ये एकदा श्वास तुटला, त्यानं पुन्हा तिथून धरली आणि शेवटपर्यंत नेली. भोंग्याच्या कडेवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि एकही पिस्टन अडकला नाही.

मी पोलादाचा, मला भरून वगैरे येत नाही. पण व्हाइसमध्ये आवळलेला होतो म्हणून बरं, नाहीतर खाली पडलो असतो.

सदूनं ट्रंपेट मास्टरच्या हातात दिलं. मास्टरचा हात खिशाकडे गेला. रुमाल बाहेर आला. माऊथपीस सदूच्या ओठांनी अजून ओलं होतं. मास्टरनं रुमालाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, मग रुमालानं स्वतःचं कपाळ पुसलं आणि खिशात ठेवून दिला. तेच ट्रंपेट तसंच ओठाला लावलं आणि तीच चाल पहिल्यापासून वाजवली. झुलूप डोळ्यांवर उतरलं तरी थांबला नाही.

"सूर बरोबर आहे," तो म्हणाला. माफी मागितली नाही. माफी मागायची वेळ आली की माणसाचे पिस्टन कुठल्याही हवेत अडकतात. "त्या तेलाची अजून एक बाटली दे, आनंदा." आणि जाता जाता सदूला विचारलं, "आबा, कुठल्या बँडला होता तुम्ही?"

"व्हतो एका," सदू म्हणाला. "पुढं वाजवायचो, मागं जेवायचो."

मास्टर खाली बघून निघून गेला. मला त्याच्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

गर्दी पांगली. उरले विष्णुपंत. त्यांनी हळू आवाजात टाळ्या वाजवल्या. "वा, सदूबुवा, वा. चाल सुरेख होती." मग ते आनंदाच्या जवळ सरकले. "एक सांगू? माझं क्लॅरिनेट मात्र तू नेहमीसारखंच कर. म्हणजे, तोंड न लावता. गैरसमज नको हं. आमच्यात असलं काही नाही. आपलं नुसतं स्वच्छतेच्या दृष्टीनं."

असं वाक्य मी फार वर्षं ऐकत आलो होतो. त्या दिवशी आनंदानं ते ऐकलं. त्याला तो गेटपास आठवत असणार, मला तर आठवतच होता.

"साहेब, चहा घेता?" त्यानं विचारलं.

"नको रे, आत्ताच..."

"आत्ताच घेऊन निघालात. सहा वर्षं आत्ताच घेऊन निघताय." आनंदानं क्लॅरिनेट त्याच्या मखमली कापडात नीट गुंडाळलं, पेटीत ठेवलं, कड्या लावल्या. "पॅड बदललेत. यापुढे मी प्रत्येक वाद्य वाजवूनच देणार आहे. चालत असेल तर आणा, साहेब. तुमचे उपकार विसरलेलो नाही. पण चालत असेल तरच आणा."

विष्णुपंतांनी पेटी उचलली. पुन्हा कधी आले नाहीत. आनंदाला त्याचं वाईट वाटलं, अनेक दिवस वाटलं. मलाही वाटलं. मला जगात आणायची सही त्या माणसाची होती.

त्या आठवड्यापासून सदू दुपारी आनंदाला फुंकायला शिकवू लागला. ते दिवस कानांना फार जड गेले, लधारामनं सोडा विकत विकत कानात कापूस घातला. दाराशी पाटी लागली: 'वाद्य वाजवून तपासून मिळेल'. ती वाचून काही गिऱ्हाइकं परत फिरली. आनंदानं एकालाही हाक मारली नाही.

सदू १९९६ ला गेला. चार वर्षं त्यानं रोज वाजवलं, दुकानातच, उंबऱ्याच्या आत. एका बँडवाल्यानं येऊन हाताला धरलं, तरी वरातीला गेला नाही.

आता माझं म्हणाल तर दिवस वाईट आलेत. वरातीत टेम्पोवर मोठे स्पीकर लागतात, पुढे एकजण कॅसिओ घेऊन बसतो आणि त्याचंच नाव ब्रास बँड. स्पीकरला पोचा पडला तरी आवाज तेवढाच, त्यामुळे मला कोणी विचारत नाही. महिन्यातून एखादं वाद्य येतं. एरवी लधाराम माझ्यानं बर्फ फोडतो. माझ्या अकरा डोक्यांपैकी तीन हरवलीत आणि एक दार लागू नये म्हणून दाराला लावलंय. भंगारवाला दर रविवारी माझ्याकडे बोट करून विचारतो, आनंदा दर रविवारी मान हलवतो. माझ्या कागदावरचं ते 'भंगार' त्यानं अजून मानलेलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी कार्य निघेल, तुम्ही वाजवणारे बोलवाल, मनापासून नाचाल. नाचा. भोंगा दातात धरायचा तर तोही धरा, तो पोचा मी काढीन. पण वाजवून झाल्यावर त्या माणसांना मांडवाच्या मागे जेवायला बसवू नका, आणि वाढताना हात वर धरू नका. तो पोचा पितळेला पडत नाही आणि माझं एकही डोकं तिथवर जात नाही. सदूला तो काढायला पस्तीस वर्षं लागली, आणि त्यासाठी स्वतःचं दार असावं लागलं.